काल आबांकडे मंडप कसला होता?

"काकू, ओ काकू! काल आबांकडे मंडप कसला होता? मी आपली गच्चीवरून बघत बसले. लग्न म्हणावं तर घरात कुणी लग्नाचं नाही."

"ये, अशी भिंतीपाशी ये. ओरडून सांगायची गोष्ट नाही ती. आणि ती बादली खाली ठेव आधी, नाहीतर निम्म्यात पळशील. अगं, सत्कार होता सत्कार! १९७४ च्या रेल्वेच्या संपाला ५० वर्षं होऊन गेली ना. युनियनची पोरं आली होती. शाल, श्रीफळ आणि काचेच्या पेटीत एक इंजिन. तेही डिझेलचं, बाई! अर्धा जन्म वाफेच्या इंजिनावर काढलेल्या माणसाला डिझेलचं इंजिन. आबांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि चष्मा पुसत बसले."

"आबा ड्रायव्हर होते ते माहीत होतं. पण पुढारी? मला तर ते भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे आबा माहीत."

"तेच! वाद घालायची सवय तिथलीच ती. सासू सांगायची माझी, हा माणूस क्लीनर म्हणून लागला तेव्हाच फोरमनशी भांडला होता. क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर. एकेक पायरी चढत गेले, आणि प्रत्येक पायरीवर कुणाशी ना कुणाशी बिनसलेलं. आमचे हे गार्ड. म्हणजे एकाच गाडीला दोन टोकं, पुढे आबा आणि मागे हे."

"मग काकांचं आणि आबांचं चांगलं जमत असेल."

"थांब गं, तिथेच तर मेख आहे. तिकडे येते मी. आधी मला सांग, तुझा नवरा काल किती वाजता आला?"

"पहाटे तीनला. मोबाइलवर कॉल आला होता परवा रात्री, खंडव्याला गेला होता."

"बघ, मोबाइलवर. तेव्हा कॉलबॉय यायचा. रात्री दीडला, दोनला दारावर थाप. हातात कंदील, बगलेत कॉलबुक. सही करायची, की झालं, दोन तासांत शेडवर हजर. त्या थापेनं सगळी चाळ जागी व्हायची. कुणाच्या दारावर पडली ते आम्ही अंथरुणातूनच ओळखायचो. मग लाइन बॉक्स निघायचा, लोखंडी, जडशीळ. त्यावर पांढऱ्या रंगात आबांचं नाव आणि खाली 'ड्रायव्हर, भुसावळ'. आत पीठ, डाळ, तिखट-मीठ, दोन जोड कपडे, हातबत्ती, पाने. कारण गेलेला माणूस परत कधी येईल याचा नेम नाही. मालगाडी एकदा लूपलाइनीला घातली की मेल जाऊ दे, एक्स्प्रेस जाऊ दे, पॅसेंजर जाऊ दे. चौदा-चौदा, सोळा-सोळा तास माणूस इंजिनावर उभा. मे महिन्यातलं आपलं भुसावळ, समोर उघडी भट्टी, आणि वर पुढच्या सिग्नलकडे डोळे."

"अगं बाई! आणि काकू, ते... म्हणजे... इंजिनावर संडास?"

"लाजतेस काय, अजून तरी कुठे आहे सगळ्या इंजिनांत? विचार तुझ्या नवऱ्याला. निघायच्या आधीपासून पाणी कमी प्यायचे हे लोक. एवढ्या आगीपुढे उभं राहायचं आणि पाणी प्यायचं नाही! आबांना मूतखडा झाला त्याचं कारण डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, अक्काला ठाऊक होतं. अक्का म्हणजे आबांची बायको. तू आलीस त्याच्या आदल्या वर्षीच गेली ती. नाहीतर ही सगळी हकीकत तिच्याच तोंडून ऐकायची होतीस."

"मग संप त्याच्यावरून झाला?"

"एवढ्यावरूनच नाही, पण सुरुवात तिथली. लोकोवाल्यांनी आपली वेगळी संघटना काढली होती, लोको रनिंग स्टाफची. मोठ्या युनियनवाल्यांना शेडमधल्या माणसाचं दुखणं कळत नाही म्हणून. १९७३ साली त्यांनी इंजिनं उभी केली आणि रेल्वेमंत्र्यांकडून दहा तासांची ड्युटी कबूल करून घेतली. ललित नारायण मिश्र होते मंत्री. आबांनी त्या दिवशी अख्ख्या लाइनीत पेढे वाटले. पुढे ते दहा तास कागदावरच राहिले ती गोष्ट वेगळी. पण एक झालं, पोरांच्या लक्षात आलं की इंजिन उभं केलं की दिल्लीत ऐकू जातं."

"आणि मग ७४?"

"मग ७४. आता तू तेव्हाची महागाई पाहिली नाहीस. ७२ चा दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरीला चव ना ढव. मुंबईत मृणाल गोरे बायकांना घेऊन लाटणी हातात धरून मोर्चे काढत होत्या. आणि रेल्वेवाल्यांना बोनस नाही! कारखान्यातल्या कामगाराला ८.३३ टक्के बोनस, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार. रेल्वेवाल्याला मात्र तुम्ही सरकारी खातं आहात, कारखाना नाही, असं सांगायचे. आबा म्हणायचे, कोळसा ओढताना आम्ही मजूर आणि पैसे मागताना आम्ही सरकार! हे वाक्य त्यांचं फार गाजलं होतं. दर गेट मीटिंगला म्हणायचे, आणि दर वेळी लोक टाळ्या वाजवायचे. मला तर पाठ झालं होतं."

"तुम्ही जायचात मीटिंगला?"

"मी कशी जाणार? आमचे हे काँग्रेसवाल्या युनियनमध्ये. मी अक्काच्या ओट्यावर बसून ऐकायचे. लाउडस्पीकर होता की! एकदा बाहेरून कुणी मोठा पुढारी आला होता बोलायला, तर हे खिडक्या लावून आत बसले. उकाड्यानं जीव जायची वेळ, पण खिडकी उघडायची नाही. पंख्याखाली पेपर वाचत होते, उलटा धरला होता की सुलटा देव जाणे."

"जॉर्ज फर्नांडिस आले होते का हो इकडे?"

"इकडचं मला काही सांगता येणार नाही, पण आबांच्या घरी देवाच्या शेजारी त्यांचा फोटो होता. अक्कानं एकदा त्याला कुंकू लावलं तर आबा भडकले होते, ख्रिश्चन माणूस आहे तो म्हणून. अक्का म्हणाली, मग काय झालं, कुंकवानं बाटतो का? काय माणूस होता पण! मंगळूरहून मुंबईत आला, चौपाटीवर झोपला, गोदीत काम करणाऱ्यांत मिसळला, टॅक्सीवाल्यांची युनियन बांधली. ६७ ला स. का. पाटलांना पाडलं. पाटील म्हणजे मुंबईचे बेताज बादशहा, आणि तेव्हाचे रेल्वेमंत्रीही! मराठी तर अशी बोलायचा की आपण खाली बघावं. ७३ च्या अखेरीला तो रेल्वेमेन्स फेडरेशनचा अध्यक्ष झाला आणि सगळ्या लहान-मोठ्या युनियनांची त्यानं मोट बांधली. त्या मोटेत आबांची लोकोवाली संघटनाही होती. आमच्या ह्यांची मात्र बाहेर."

"आणि सरकार गप्प बसलं?"

"कुठलं! बोलणी चालू असतानाच २ मेला जॉर्जला लखनौला उचललं. ८ मेपासून संप ठरलेला. १७ लाख माणसं गं! आणि गंमत ऐक. तेव्हा राष्ट्रपती कोण होते? व्ही. व्ही. गिरी. ते कोण? जुने रेल्वेच्या कामगारांचेच पुढारी! बंगाल-नागपूर रेल्वेचा १९२७ चा मोठा संप खरगपूरला झाला, त्याच्या पुढाऱ्यांत होते ते. आपल्या नागपूरपर्यंत यायची ती लाइन. म्हणजे खरगपुरात संप करणारा माणूस राष्ट्रपतिभवनात आणि त्याच्याच सरकारचे पोलीस आमच्या चाळीत. आबांनी म्हणे त्यांना पत्र टाकलं होतं. उत्तर काही आलं नाही."

"चाळीत पोलीस आले होते?"

"तेच तर सांगायचंय. संपात ड्रायव्हरवर सगळ्यांचा डोळा. बाबू नाही आला तर फाइल पडून राहते, ड्रायव्हर नाही आला तर गाडी पडून राहते. म्हणून सगळे ड्रायव्हर-फायरमन आधीच पसार. आबा गेले यावलकडे, अक्काच्या मावसभावाच्या केळीच्या बागेत. उन्हाळ्यात केळीच्या बागेसारखी जागा नाही, बाई, पाटाचं पाणी, गार सावली, आणि आत शिरलेला माणूस दहा पावलांवरून दिसत नाही. इकडे आम्ही बायका बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो. मे महिना ना, घराघरांत खाटा बाहेर काढलेल्या, त्यावर जुनी लुगडी आणि लुगड्यांवर बिबड्या. रात्री दोनला अक्काच्या दारावर थाप. मी ओळखली, कॉलबॉयची. पण ह्या वेळी त्याच्यामागे एक साहेब आणि चार पोलीस. कॉलबॉयचं तोंड उतरलेलं. बिचारा आबांच्याच शेडचा पोऱ्या."

"मग?"

"मग काय, साहेब म्हणाला, ड्रायव्हर कुठे आहे? अक्का म्हणाली, ड्युटीला गेले. कुठल्या ड्युटीला? ते तुम्हाला ठाऊक, कॉल तुम्हीच देता ना! साहेब चिडला. म्हणाला, बुकात सही कर, की कॉल मिळाला. सही झाली असती ना, तर माणूस हजर नाही म्हणून लगेच कारवाई. अक्का म्हणाली, मला लिहिता येत नाही. सातवी पास होती गं ती! आमच्या सगळ्यांची पत्रं तीच लिहायची. मग म्हणे अंगठा दे. तर हिनं दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत बिबड्यांचं पीठ. 'द्या तुमचं बुक,' म्हणाली. साहेबानं बुक मागे घेतलं."

"काय सांगता! रात्री दोनला पीठ?"

"थाप ऐकल्याबरोबर पातेल्यात हात घातले होते तिनं. मी खिडकीतून पाहिलं ना. पोलिसांतला एक जण तर हसला. पण मी नाही हसले गं, मी घाबरले होते, कारण आमचे हे त्या रात्री ड्युटीवर होते. खऱ्याच ड्युटीवर."

"म्हणजे काका संपात नव्हते?"

"नव्हते. आता एवढं ऐकलंस तर हेही ऐक. वरून सांगितलं होतं, जो कामावर येईल त्याला जादा इन्क्रिमेंट, पोरांच्या नोकरीचं बघू. 'लॉयल' म्हणायचे त्यांना. आमच्या घरात सासू आजारी, दोन पोरं लहान, आणि ह्यांचा स्वभाव भित्रा. हे गेले. टेरिटोरियल आर्मीचे लोक इंजिनावर आणि मागे हे गार्डाच्या डब्यात. चाळीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. नळावर माझी कळशी मागे सारायच्या. एकटी अक्का बोलायची. मी एकदा विचारलं, तुला माझा राग नाही येत? तर म्हणाली, गार्डाच्या बायकोला कुणी बावटा देतं का हातात? आता काय म्हणणार अशा बाईला."

"आणि आबा सापडले कसे?"

"अठरा मेला पोखरणला अणुस्फोट झाला. पेपरात तेच, रेडिओवर तेच, लोक पेढे वाटतायत. संपाच्या बातम्या एकदम आतल्या पानावर. आबांना वाटलं, आता सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे, तर रात्रीतून घरी जाऊन पोरीला बघून येऊ. पोरीला ताप होता. आले, आणि पहाटे धरले. कुणी सांगितलं म्हणशील तर अजून कळलेलं नाही. नावं तीन आहेत माझ्याकडे, पण तिघेही गेले, आता मेलेल्या माणसाचं नाव कशाला घ्या. एक सांगते, आमचे हे त्या तिघांत नाहीत. मी स्वतः खात्री करून घेतली होती."

"कशी?"

"जेवायला वाढलं नाही दोन दिवस. मग शपथ घेतली देवापुढे. बरं, २७ मेला संप मागे घेतला. २० दिवस चालला. पुढारी तुरुंगात, पैसा संपलेला, कुठे कुठे तर क्वार्टरं खाली करवलेली, नळ-वीज तोडल्याचंही ऐकू यायचं. काही पदरात पडलं नाही. आबा तुरुंगातून सुटले तेव्हा घरी लिफाफा येऊन पडला होता. चौदा-दोन."

"म्हणजे?"

"नियम १४(२) गं. चौकशी नाही, सुनावणी नाही, सरळ बडतर्फ. रेल्वेवाल्यांना तो आकडा अजून झोपेतून उठवून विचार. क्वार्टर गेलं. आबा गावात एका खोलीत राहायला गेले आणि अक्कानं त्याच बिबड्या विकायला सुरुवात केली. बिबड्या, उडदाचे पापड, नागलीचे पापड. आबा सायकलवर घालून दुकानादुकानांत द्यायचे. मेलगाडीची स्वप्नं बघणारा माणूस आणि मागच्या कॅरिअरला पापड! मी तिच्याकडूनच घ्यायचे आणि ह्यांना सांगायचे बाजारातले. हे खायचे आणि म्हणायचे, बाजारात हल्ली बरे मिळतात."

"मग परत नोकरी मिळाली कशी?"

"७७ साली! आणीबाणी गेली, सरकार बदललं आणि रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते. आपले, राजापूरचे खासदार. प्राध्यापक माणूस, साधा. संपात काढलेल्या लोकांना त्यांनी परत घेतलं. तू सेकंड क्लासच्या बर्थवर झोपतेस ना, त्या आधी नुसत्या लाकडी फळ्या होत्या. त्यावर फोम घातला तो त्यांनीच. माझ्या मते देशाच्या पाठीवर एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या मंत्र्यानं केले नाहीत. आणि जॉर्ज तुरुंगातून मुजफ्फरपूरची निवडणूक जिंकला, मंत्री झाला. पुढे ८९ ला तर रेल्वेमंत्रीच झाला. ज्यानं रेल्वे बंद पाडली त्याच्याच हातात रेल्वे! कोकण रेल्वेचं महामंडळ त्याच वेळचं. आबा तेव्हा कॉलर ताठ करून फिरत होते, जसं काही त्यांनाच विचारून मंत्री केला."

"आणि काका? आबांशी बोलायला लागले?"

"कुठलं बोलतायत! ७४ पासून अबोला. आबा रुजू झाले आणि कर्मधर्मसंयोगानं एका मालगाडीवर दोघं एकत्र. पुढे आबा, मागे हे. बोलायचं नाही, पण गाडी सुटताना एकमेकांकडे बघून बावटा तर दाखवावाच लागतो, नियमच आहे! आबा शिट्टी देणार, हे हिरवा बावटा हलवणार, आबा हात करणार. बडनेऱ्याच्या बाजूला कुठल्याशा स्टेशनात गाडी लूपलाइनीला घातली आणि तासन् तास हलेना. ह्यांचा डबा संपलेला. इतक्यात दुसरा फायरमन गाडीच्या कडेकडेनं चालत येताना दिसला, हातात पळसाच्या पानाचा द्रोण. आबांनी भट्टीच्या निखाऱ्यावर फावड्यात वांगी भाजली होती. भरीत, वर कच्चं तेल, हिरव्या मिरच्या आणि भाकरी. पोऱ्या म्हणाला, ड्रायव्हरसाहेबांनी दिलंय, आणि सांगितलंय की भांडं परत द्यायला येऊ नका, पानच आहे."

"हा हा! मग काका गेले?"

"गेले ना. अख्खी मालगाडी चालत गेले पुढे. काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, वांगी आसोद्याची होती. त्यानंतर मग मी आणि अक्कानं बेत केला. सोसायटीचे प्लॉट निघाले तेव्हा तिनं आबांना सांगितलं कोपऱ्याचा प्लॉट वास्तूला वाईट, मी ह्यांना सांगितलं रस्त्याकडेचा घ्यायचा नाही, धूळ येते. असं करत करत दोघांनाही हे शेजारचे प्लॉट घ्यायला लावले. भिंत मात्र आबांनी घातली, स्वतः उभं राहून. कमरेएवढीच ठेवा म्हणाली अक्का, वाटी देता-घेता आली पाहिजे."

"आणि बोनस? तो मिळाला का शेवटी?"

"७९ ला मिळाला! पुढचं सरकार पडता पडता देऊन गेलं. आता तुला मिळतो ना दसऱ्याच्या आधी, ७८ दिवसांचा?"

"मिळतो हो. १७,९५१ रुपये. पगार कितीही असो, हिशोब म्हणे महिन्याला सात हजारांवरच होतो. आमचा म्हणतो, पगार वाढतो, पण तो सात हजाराचा आकडा काही हलत नाही."

"हे आबांना सांगू नकोस हं. म्हाताऱ्याचं रक्त तापेल आणि परत मंडप घालावा लागेल. पण एक सांगते तुला. पहिला बोनस मिळाला त्या वर्षीपासून आबा दर दसऱ्याला आमच्याकडे यायचे सोनं द्यायला. आपट्याचं पान ह्यांच्या हातात ठेवायचे आणि विचारायचे, 'मिळाला ना?' एवढंच. हे म्हणायचे, 'मिळाला.' मग आबा चहा पिऊन जायचे. ह्यांचं रिटायरमेंट झालं तरी विचारायचे! हे म्हणायचे, 'अहो, आता कुठला?' तर आबा म्हणायचे, 'मागचा, मागचा.' हे गेल्यावर एक वर्ष आले नाहीत. मग मलाच विचारायला लागले, पेन्शनीचं. आता तू आलीस, तुझा नवरा इंजिनावर आहे हे त्यांना कळलंय, कालच मला विचारत होते, तो पोरगा युनियनमध्ये आहे का म्हणून."

"अगं बाई! मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, दसऱ्याला तुम्हीच विचारा. चहाला साखर जपून घाल बरं का, डायबेटीस आहे त्यांना, पण ते सांगणार नाहीत. आणि वर्गणीचं पावतीबुक खिशात असतं त्यांच्या, ते आधी हळूच बघून ठेव."